गिरदावरसाहेबांचं पोट आणि आमची तालीम

फसली तेराशे चोपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचेचाळीस साली आमच्या अख्ख्या भागानं ज्वारी सोडली होती. त्यातल्या एकाच माणसानं ती डॉक्टरच्या सांगण्यावरून सोडली. बाकीच्यांची सरकारनं लेव्हीत मोजून नेली.

तो एक माणूस म्हणजे नळदुर्गचे गल्ल्याचे गिरदावर शरणबसप्पा. कुणाच्या घरातून किती धान्य उचलायचं ते ठरवणारा निजाम सरकारचा माणूस. ज्या काट्यावर ते लोकांची पोती मोजत, त्याच काट्यावर आषाढात त्यांना बसवलं. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात एक पल्ला वजन. पारडं हललं नाही. वर चौदा शेर टाकले तेव्हा साहेबांचे पाय जमिनीवरून सुटले. पल्ला म्हणजे एकशे वीस शेर, एक भरलेलं पोतं. एवढं भरलेलं पोतं त्या सालात दुसरं कुठं दिसत नव्हतं.

मोजायला मला बोलावलं होतं. मी कोंडीराम, वेशीजवळच्या तालमीचा वस्ताद. तालमीचा म्हणायचं ते सवयीनं. दोन वर्षांपूर्वी याच साहेबांनी तालीम गल्ल्यासाठी ताब्यात घेतली होती. साठ पोती आत रचली, मारुतीच्या छातीपर्यंत. मोहरमचे पंजे ज्या कोनाड्यात असत, तो पोत्यांआड गेला. आमची पोरं नदीकाठच्या दगडगोट्यांत लढत, गुडघे फोडून घेत आणि एकेक करून सोलापूरच्या गिरणीत निघून जात. तांबड्या मातीला रोज फावडं लागतं. तिच्यात ताक लागतं, तेल, हळद लागते. दोन वर्षं दाबून ठेवली तर तिचा दगड होतो. अजून एक पावसाळा गेला असता तर मातीही गेली असती आणि पोरंही. मला तालीम हवी होती. दुसरं काही नाही.

साहेब काट्यावरून उतरले आणि घाम पुसत म्हणाले, "वस्ताद, जिल्ह्याचे नवे तालुकदार फौजेतले आहेत. दसऱ्यानंतर मुआयना, सगळ्यांची तपासणी. जो गिरदावर घोड्यावर बसून येईल तो पेशकार होणार. जो बैलगाडीतून येईल तो कारकून."

"मग बसा घोड्यावर."

"बसलो होतो. घोडा बसला."

पाशामियाँ माझा तालमीतला जोडीदार. मालिश करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. तो तोंडावर गमछा धरून बाहेर गेला.

सोलापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी साहेबांनी वाचून दाखवली. ज्वारी, गहू, तांदूळ बंद. साखर, गूळ, बटाटा बंद. दही, लोणी, शेंगदाणे, पालेभाजी खावी. चालत असेल तर अंडी, मटण. आणि रोज कसरत. चरबी उतरेल.

"मटण चालत न्हाय आमच्यात," साहेब म्हणाले. "बाकी सगळं करतो. तुम्ही मला घोड्यावर बसवा, मी तुमची तालीम मोकळी करतो."

"पोती कुठं ठेवाल?"

"मुसाफिरखान्यात."

मुसाफिरखाना कोरडा होता, मोठा होता. तिथं साहेबांच्या चार म्हशी बांधलेल्या असत. म्हणजे दोन वर्षं आमची तालीम म्हशींसाठी बंद होती. हे तेव्हा मला कळलं. मी म्हशींचं नाव न काढता हो म्हणालो. गरजवंत माणूस असा गप्प बसतो, आणि मग आयुष्यभर स्वतःवर चिडतो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात कसरत. पहिला दंड काढायला साहेब खाली गेले ते अगदी झोकात. वर आणायला मी आणि पाशामियाँ. तिसऱ्या दिवशी चक्कर आली, चौथ्या दिवशी हातपाय गळाले. धान्य एकदम तोडलं की पहिले आठ-दहा दिवस असंच होतं. तेव्हा जोर-बैठकांची मस्ती करायची नसते. मिठाचं ताक द्यायचं आणि नुसतं चालवायचं. मी किल्ल्यापर्यंत चालवायला लागलो. साहेब पुढं, मागं चपराशी, त्याच्या डोक्यावर खुर्ची. प्रत्येक शंभर पावलांवर खुर्ची. चपराशी महिनाभरात काटकुळा झाला.

तरी पंधरा दिवसांत सात शेर उतरले. साहेबांनी पेढे वाटले. स्वतः खाल्ले नाहीत, हेही सांगतो.

मग श्रावण लागला आणि काटा हलेनासा झाला. चालणं तेच, ताक तेच. पुढच्या पंधरवड्यात उलट तीन शेर वाढले. मी त्यांच्या घरी गेलो. पार्वतम्मा, त्यांची बायको, सोप्यात शेंगा फोडत होती.

"अक्का, खरं सांगा. साहेब भाकरी खातात?"

"देवाशप्पथ न्हाय. भाकरी शिवली न्हाय."

"भात?"

"न्हाय."

"मग वाढतंय कशानं?"

तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "दौऱ्यावर जातात ना. तिथलं मला काय म्हाईत. तुमी जा बरुबर."

गेलो. उरलेल्या वसुलीचा दौरा होता. साहेब गाडीत, मी गाडीमागं. ज्या गावात उतरलो तिथल्या चुलींवर तांदुळजा शिजत होता, कुठं चिंचोके. ज्वारी फाल्गुनातच मोजून नेलेली. अधिकारी आला की त्याच्या जेवणाचं गावानं बघायचं ही निजामातली वेठ. पाटलानं घरोघर फिरून मूठमूठ डाळ, ओंजळओंजळ गहू गोळा केले. नागम्मा नावाची साहेबांच्याच लिंगायत जातीतली एक विधवा होती, तिच्याकडून पुरणपोळ्या करवल्या. होळिगे म्हणतात त्यांच्यात.

साहेबांनी हातपाय धुतले, भस्म लावलं, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. पहिली होळिगे लिंगाला दाखवली. डोळे मिटले. मग जेवायला बसले ते सातव्या होळिगेला उठले. वर तूप.

"साहेब, हे काय?"

"प्रसाद."

"डॉक्टरनं गहू बंद केलाय. गूळ बंद केलाय."

"खायला बंद केलाय, वस्ताद. हे खाणं न्हाय. लिंगाला दाखवलं की अन्न राहत न्हाय, प्रसाद होतो. प्रसाद टाकला तर पाप लागतं." ते अगदी मनापासून बोलत होते. त्यात काही लबाडी आहे असं त्यांना खरोखर वाटत नव्हतं. त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

नागम्मा चुलीपाशी बसून रिकामं पातेलं पुसत होती. मला हळूच म्हणाली, "साहेबाला काय दुखणं हाय?"

"धान्य चालत नाही त्यांना."

"आमालाबी तेच दुखणं हाय," ती म्हणाली. "आमचं डाक्टर तेच."

परतताना मी गाडीशेजारी चालत विचार करत होतो. या माणसाशी डॉक्टरच्या भाषेत बोलून उपयोग नव्हता. घरी पोचलो. पार्वतम्मा दारात होती. तिच्यादेखत मी विचारलं, "साहेब, तुमच्या मठातले अय्या दर सोमवारी सांगतात, आधी कायक, मग प्रसाद. कायक म्हणजे अंगमेहनतच ना?"

"व्हय. कायकाशिवाय प्रसाद घेतला तर तो चोरीचा."

"आज सात होळिगे घेतल्या. कायक कुठलं केलं?"

साहेब म्हणाले, "वसुली केली."

"ती लोकांनी केली. पोती लोकांनीच आणून टाकली. तुम्ही गाडीत होता."

पार्वतम्मा नवऱ्याकडं बघत राहिली. ती रोज लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारी बाई. "ह्ये बरुबर हाय की वो," ती म्हणाली. एवढंच. साहेबांनी सरकारचे हुकूम ऐकले नसतील इतक्या मुकाट्यानं ते ऐकलं.

ठरलं असं. एका होळिगेला एक फेरी. पोत्याचा तिसरा हिस्सा, मणभर ज्वारी, पाठीवर घ्यायची, तालमीतून मुसाफिरखान्यात टाकायची. दोन फर्लांगाचा चढ. म्हशी घरी गेल्या.

पहिल्या दिवशी मागची बाकी म्हणून सात फेऱ्या सांगितल्या. चारच झाल्या. साहेब रस्त्यात बसले, उठले, शिव्या दिल्या, पुन्हा चालले. बाजारातली माणसं दुकानं सोडून बघायला आली. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पाठीवरून हीच ज्वारी आणून टाकलेली माणसं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग साहेब होळिगे मोजून घ्यायला लागले. पाच, मग तीन, मग एक. काटा खाली यायला लागला आणि माझी पंचाईत झाली. साहेबांनी प्रसाद सोडला तर फेऱ्या बंद, फेऱ्या बंद तर तालीम भरलेली; नुसत्या शब्दावर माझा भरवसा नव्हता.

पाशामियाँ म्हणाला, "वस्ताद, एक काम करू. उनको मीठा खिलाव. जितना मीठा, उतनी फेरी."

"मग घोड्यावर कोण बसेल, तू?"

"आपुन को तालीम होना की घोडा होना?"

दोन्ही हवं होतं. मी चार दिवस डोकं धरून बसलो. पाचव्या दिवशी साहेब आपणहून आले. अंगात बंडी, डोक्याला फडकं. खुर्चीवाला चपराशी नव्हता. "आज प्रसाद घेतला न्हाय," ते म्हणाले. "तरी दोन फेऱ्या मारतो. न्हाय मारल्या तर झोप येत न्हाय." त्या दिवसापासून रोज दोन, मग तीन, मग चार.

भादव्यात वरच्या थप्प्या संपल्या, खालच्या लागल्या. साहेब एका दमात चढ चढून आले, मिशीवरचा घाम झटकला आणि खूश होऊन म्हणाले, "वस्ताद, ताकद आली बघा. ओझं तेवढंच दिसतंय, पण हलकं लागतंय. फुलासारखं."

पाशामियाँनं माझ्याकडं बघितलं. आम्हाला दोघांनाही वास आधीच आला होता.

मी पोतं सोडलं आणि साहेबांच्या पायाशी ओतलं. पांढरं पीठ पडलं आणि त्यात काळे किडे. दाणे होते ते नुसती टरफलं. बोटानं दाबलं की भुगा. दुसरं सोडलं, तेच. तिसऱ्याचा गोळा होऊन त्याला बुरशी आलेली. पावसाचं पाणी भिंतीतून आत आलं होतं.

"ताकद तुम्हाला आली नाही," मी म्हणालो. "धान्यातली गेलीय. ही नागम्माच्या गावची पोती आहेत, साहेब. पोत्यावर खूण बघा. हे तिथल्या चुलीवर शिजलं असतं. तुम्ही आणलंत, आमच्या मारुतीपुढं ठेवलंत, कुलूप लावलंत आणि किड्यांना घातलंत. दाणा दाणा मोजून. आता हे लिंगाला दाखवा, आणि घ्या प्रसाद."

गिरदावराशी असं बोललेला माणूस संध्याकाळपर्यंत कोठडीत जात असे. मी जायच्या तयारीनंच बोललो होतो. पाशामियाँनं माझा दंड धरला.

साहेब भुग्यापाशी उकिडवे बसले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं. त्यांनी चिमूट उचलली, बघितली, परत ठेवली. "किती पोती अशी?"

"खालच्या थप्प्या सगळ्या. एकवीस."

"कागदावर साठ आहेत."

"कागदाला कीड लागत नाही."

ते उठले, एकवीस पोती एकेक करून स्वतः बाहेर ओढली आणि उकिरड्यावर ओतली. आम्ही हात लावला नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

दसऱ्यानंतर तालुकदार आले. साहेब काट्यावर एकशे बारा शेर भरले आणि घोड्यावर बसले. घोडा उभा राहिला. पल्ल्यावर चौदा शेराचा माणूस पल्ल्याच्या आत आला, हे बघून तालुकदार इतके खूश झाले की पेशकारी तिथंच जाहीर केली. मग गावात फेरी मारली, रिकामी तालीम बघितली आणि म्हणाले, उमदा जागा आहे. खरिपाचा नवा गल्ला इथंच भरा.

हे मला कळलं तेव्हा दुपार होती. मी कुणाकडं अर्ज घेऊन गेलो नाही. अर्ज करून मिळालेलं काही मी त्या राज्यात बघितलं नव्हतं. उरलेल्या नऊ पोरांना हाक मारली. फावडी, पहारी घेतल्या. दगड झालेली माती फोडली आणि विहिरीपासून तालमीपर्यंत रांग लावली. साठ घागरी पाणी ओतलं. पार्वतम्माकडं मी फक्त थोडं ताक मागितलं होतं. तिनं चार म्हशींचं दोन दिवसांचं ताक पाठवलं, हंडेच्या हंडे, आणि निरोप पाठवला की अजून लागलं तर सांगा. पाशामियाँनं तेल आणि हळद आणली. तिन्हीसांजेपर्यंत भिंतीपासून भिंतीपर्यंत चिखल झाला.

साहेब हुकूम सांगायला आले. नवा कोट, पायात बूट. "वस्ताद, मी शब्द दिला होता. पण तालुकदारांचा—" म्हणत आत पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत रुतले.

कुणी हात दिला नाही. त्यांनी पाय काढला, बूट आतच राहिला. त्यांनी चौफेर बघितलं. पोरं फावड्यावर हात ठेवून उभी होती.

"ही ओल कधी जाईल?"

"रोज पाणी टाकलं तर रोज राहील."

"आणि रोज टाकणार."

"होय."

त्यांनी रुतलेल्या बुटाकडं बघितलं. मग कोटाच्या खिशातून कागद काढला, पाशामियाँच्या पाठीवर ठेवला आणि उर्दूत लिहून आम्हाला वाचून दाखवलं. जागेची पाहणी केली, जमीन कायम ओली आहे, इथं ठेवलेलं धान्य सडतं, गोदाम म्हणून जागा रद्द करावी. त्यातलं सडण्याचं वाक्य त्यांनी स्वतःहून घातलं होतं. खाली सही केली, तीही नव्या हुद्द्याची.

कागद घडी करताना त्यांनी विचारलं, "उद्या पहाटे येऊ का? दोन-चार दंड मारीन म्हणतो."

"या," मी म्हणालो. "फावडं घेऊन या. खालची माती अजून कडक आहे."