एकाच तुकडीच्या पाच फायली

मित्रांनो, माझी लाकडी मूठ आता झिजून गुळगुळीत झाली आहे. मी एक जुना शिक्का आहे, युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतला. माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला आहे: ‘अपघात’. शेजारी माझा भाऊ, ‘आजार’. परतलेला सैनिक पुढे कधी वारला, की त्याच्या फायलीवर आम्हा दोघांपैकी एकजण उमटतो. तिसरा शिक्का कोणी बनवलाच नाही.

नवा होतो तेव्हा माझी मोठी ऐट होती. “काय सुबक उमटतो!” असे आमचे हेडक्लार्क अण्णा म्हणायचे. पुढे मात्र थकलो. भावाच्या वाट्याला बहुतेक म्हातारे यायचे, माझ्या वाट्याला तिशी-पस्तिशीतले. कोणी पट्टीचा पोहणारा, तरी बुडालेला. मनात शंका यायची, पण शिक्क्याला विचारतो कोण?

एका दुपारी एक बाई आल्या. त्यांचा धाकटा भाऊ गाडी झाडावर आदळून गेला होता. अण्णांनी मला शाईला लावले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “रस्ता सरळ होता. त्यानं ब्रेक दाबलाच नव्हता. परत आल्यापासून तो धड झोपला नव्हता हो.”

“ताई, अपघात म्हटलं की प्रकरण मिटतं. उगाच चार लोकांत चर्चा कशाला?”

“माझा भाऊ काही परत येत नाही. पण त्याच्या तुकडीतला दोस्त अजून आहे, घड्याळं दुरुस्त करतो. तोही असाच गप्प गप्प झालाय. त्या तुकडीतले आधी आणखी काहीजण गेलेत म्हणे. बघा तरी!”

आमच्याकडे फायली मृत्यूच्या तारखेने लावतात, तुकडीप्रमाणे नाही. त्यामुळे इतकी वर्षे कोणाच्या काही ध्यानातच आले नव्हते. अण्णांनी कुरकुरत कपाट उघडले. चार फायली निघाल्या, बाईंच्या भावाची पाचवी. तुकडी एकच. चारही फायलींवर मीच होतो. अण्णांनी मला बाजूला ठेवले. मला माझीच लाज वाटली.

पाचव्या फायलीवर त्यांनी पेनाने लिहिले: ‘युद्धाचे दुखणे. घरी आल्यानंतर सहा वर्षांनी.’ मग विचारले, “तो घड्याळवाला बसतो कुठं?” आणि भर कामाच्या वेळी दोघे बाहेर पडले.

तो माणूस आता दर सोमवारी अण्णांकडे चहाला येतो. फारसे बोलत नाही. परवा मात्र म्हणाला, “काल चार तास झोप लागली.” अण्णांनी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला अडगळीत टाकू नका. माझे उलटे आहे. तुमच्या घरात, शेजारात कोणी युद्धावरून परतले असेल, तर त्याची विचारपूस करा. उत्तर आले नाही तरी जवळ बसा. आणि मला खुशाल धूळ खात पडू द्या.