क्रीमची डबी आणि बेंगळुरूची दोन तिकिटं

मी एक काचेची डबी बोलतेय. जाड बुडाची, पांढऱ्या झाकणाची, तळहातात मावेल एवढी. माझ्यासारख्या डब्या तुमच्याही घरी असतील, आणि त्यांतली एखादी या घडीला अर्धी भरलेली असूनही कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ढकललेली असेल. मीसुद्धा तशीच होते. पण माझ्या नशिबात विमान लिहिलेलं होतं! ते सगळं तुम्हाला कधी एकदा सांगते असं मला झालंय.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक काचेचा गोळा होते, साच्यात पडले आणि डबी झाले. मग पोटात मऊ, पांढरी क्रीम भरली गेली, वर चांदीसारखा कागद चिकटला आणि खोक्यात बसून मी बिदरच्या एका दुकानात आले. तिथून मला दीपमालानं उचललं.

दीपमाला बिदरच्याच मैलूर भागात आईवडिलांसोबत राहते. तिचे वडील भगवानराव बहुतेक दिवस राजेश्वर गावी शेतावर असतात, त्यामुळे घरात ती आणि तिची आई गीताबाई, दोघीच. दीपमाला एका स्कॅन सेंटरमध्ये समोरच्या टेबलावर बसते. येणाऱ्या पेशंटचं नाव लिहून घ्यायचं, त्याला बसवायचं, धीर द्यायचा. दिवसभर लोकांसमोर असायचं म्हणून तिला नीटनेटकं राहायला आवडायचं. त्यात वाईट काय?

पण तिच्या आरशाखालची फळी बघितली तेव्हा मी चकितच झाले. तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. सिरम, टोनर, उन्हाची क्रीम, डोळ्यांखालची क्रीम, रात्रीची क्रीम, चेहऱ्यावर पसरायच्या मास्कची पाकिटं. ड्रॉवरमध्ये तपकिरी रंगाच्या लिपस्टिक तर इतक्या सारख्या की त्यांना एकमेकींतला फरक ठाऊक नव्हता. पहिल्या दिवशी दीपमालानं मोठ्या हौसेनं माझं झाकण उघडलं, बोटभर क्रीम घेतली, गालाला लावली. आठवड्याभरात फोनवर दुसरीच एक क्रीम दिसली आणि मी मागे सरकले.

गीताबाईंना यातलं काही लागायचं नाही. तोंड धुतलं, कुंकू लावलं की झालं. त्यांना नाद होता तो वेगळाच. मैलूरवर हवाई दलाची शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात. गल्लीतल्या लोकांना त्या आवाजाचं काही वाटत नाही. गीताबाई मात्र ओलं लुगडं हातात धरून गच्चीवर उभ्या राहायच्या आणि विमान दिसेनासं होईपर्यंत वर बघायच्या.

त्यांची थोरली बहीण चांगुणाबाई बेंगळुरूला मुलाकडे राहते. ती न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती अंथरुणाला खिळली. इकडे गीताबाईंच्या कंबरेचं दुखणं जुनं. रेल्वेत रात्रभर बसायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांनाच उचलून उतरवावं लागलं असतं.

एके सकाळी चांगुणाबाईंचा फोन आला.

“गीते, कवा यायलीस गं? तोंड बघूशी वाटायलंय तुझं.”

“येते की, अक्का. जरा कंबर बरी होऊ दे.”

“तुझी कंबर बरी व्हायची, माझा पाय बरा व्हायचा. तोवर आपून दोघी राहतो का?” असं म्हणून चांगुणाबाई हसल्या. गीताबाईसुद्धा हसल्या. फोन ठेवून त्या भाजी चिरायला गेल्या आणि कितीतरी वेळ एकच वांगं चिरत बसल्या.

दीपमाला आरशासमोर होती. तिच्या हातातल्या फोनवर नव्या सहा बाटल्यांचा एक संच निवडून ठेवलेला होता, फक्त पैसे भरायचे बाकी होते. तिनं आईकडे बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं बिदर-बेंगळुरू विमानाच्या तिकिटाचा दर बघितला. त्या सहा बाटल्या आणि ते एक तिकीट, दोन्हींची किंमत जवळपास सारखीच होती.

मग तिनं मान वर केली आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. “ह्ये सगळं कवा संपायचं?” ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं तो संच काढून टाकला.

मी मागच्या कोपऱ्यात होते, पण मला सगळं ऐकू आलं. आहे ते संपेपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही, आणि दिवाळीच्या आत आईला विमानानं मावशीकडे न्यायचं, असं तिनं ठरवलं. आईला मात्र तिकिटं हातात येईपर्यंत सांगायचं नव्हतं.

त्याच रविवारी तिनं सगळी फळी खाली उतरवली. ज्यांची तारीख उलटून गेली होती त्यांना बाहेरचा रस्ता. सिरमची बाटली त्यातच गेली. बिचारीचं झाकणसुद्धा कधी उघडलं नव्हतं. न फोडलेली मास्कची पाकिटं तिनं भुवनेश्वरीसाठी बाजूला ठेवली. भुवनेश्वरी तिच्याच सेंटरमध्ये काम करते आणि तसलीच पाकिटं विकत घ्यायच्या बेतात होती. उरलेल्यांत मी सगळ्यांत पुढे आले! वासाची नाही, चमचमणारी नाही, पण चेहऱ्याला, हाताला, कोपराला, सगळीकडे चालणारी. इतके दिवस कुणी विचारत नव्हतं आणि आता रोज सकाळी पहिला हात माझ्याकडे येऊ लागला.

मी दीपमालाला बदलताना बघितलं. आधी ती क्रीम ओंजळीत घ्यायची, आता हरभऱ्याच्या दाण्याएवढी घेऊ लागली, आणि तेवढी पुरायचीसुद्धा. काजळ पुसायला रोज कापसाचे बोळे जायचे. त्याऐवजी तिनं वडिलांच्या जुन्या धोतराचे मऊ चौकोन कापले, करडईच्या तेलाचा थेंब टाकून काजळ पुसायची आणि चौकोन धुऊन वाळत घालायची. उन्हाच्या क्रीमची ट्यूब दाबून दाबून चपटी झाली तेव्हा तिनं कात्रीनं मधोमध कापली. आतून इतकी क्रीम निघाली की ती बघतच राहिली.

“किती ट्यूबा टाकून दिल्या असतील गं मी आजवर,” ती आईला म्हणाली.

“टाकल्या कुठं? त्याच कापून लावते, म्हणून माझ्या टाचा जिवंत आहेत,” गीताबाई म्हणाल्या.

सगळं काही सरळ गेलं असं मात्र नाही. मध्येच एक मोठा सेल आला. भुवनेश्वरी जेवणाच्या सुट्टीत फोन दाखवून म्हणाली होती, “अगं, एकावर एक फुकट द्यायलेत. मागून हळहळशील बघ.” घरी येऊन दीपमाला आरशासमोर बसली आणि तिचं बोट त्या बटणावर घुटमळायला लागलं. माझा जीव झाकणाशी आला. पण ती एकदम उठली आणि फोन आईच्या हातात देऊन आली.

“सांजच्यापातूर देऊ नको मला.”

“कामून? बिघडलाय का?”

“फोन न्हाई, मीच बिघडायलेय.”

गीताबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी फोन पदराखाली घेतला आणि खरंच दिला नाही.

दीपमालाला खरी भीती होती ती लोकांची. आपला चेहरा उतरलेला दिसेल, कुणी काहीतरी विचारेल. पण स्कॅनला आलेल्या माणसाला स्वतःच्या पोटाची काळजी, तो कशाला हिच्या गालाकडे बघतोय! एवढ्या दिवसांत कुणी म्हणजे कुणी काही विचारलं नाही. एकदा भुवनेश्वरीनंच निरखून बघितलं.

“आज काय लावलीस गं?”

“कालचंच.”

“मग कालपण चांगलीच दिसलीस की,” भुवनेश्वरी म्हणाली. ही गोष्ट दीपमालानं घरी येऊन आईला सांगितली, म्हणून मला कळली.

आणि मी रिकामी झाले. तळ लख्ख दिसायला लागला. मला वाटलं, संपलं आता. पण दीपमालानं मला गरम पाण्यानं धुतलं, गच्चीवर उन्हात पालथं घातलं. भट्टीतून निघाल्यापासून मी ऊन बघितलं नव्हतं! कोरडी झाल्यावर तिनं हातापायाला लावायच्या लोशनची एक भली मोठी बाटली माझ्या तोंडावर उलटी धरली. पंपाला न पोचणारं, तळाशी अडकलेलं लोशन हळूहळू माझ्यात उतरलं आणि मी काठोकाठ भरले.

दिवाळीला थोडे दिवस असताना तिनं तिकिटं काढली आणि फोन आईसमोर धरला. गीताबाईंनी चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“परत कर.”

“आई…”

“तासाभराच्या रस्त्याला एवढे पैसे? तुझ्या लग्नाला लागतील. न्हाई, मी येत न्हाई.”

“घरातले घेतले न्हाईत. माझ्या तोंडाला लावायचे होते ते.”

गीताबाईंनी आरशाखालच्या फळीकडे बघितलं. फळीवर आता आम्ही मोजकेच उरलो होतो. सांगायचं ते त्यांना तिथंच कळलं. त्या लेकीच्या गालावरून हात फिरवत राहिल्या. मग आत गेल्या आणि तिथून त्यांनी विचारलं, “विमानात लुगडं चालतंय का गं?”

भगवानरावांना फोनवर कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “जावा तुम्ही दोघी. घर राखायला मी येतो.”

निघायच्या सकाळी मी दीपमालाच्या पर्समध्ये होते. भुवनेश्वरी विमानतळावर सोडायला आली होती. गीताबाईंनी हातातल्या पिशवीत बहिणीसाठी घाण्यावरचं करडईचं तेल घेतलं होतं, मोठी बाटली भरून. तपासणीच्या ठिकाणी वर्दीतल्या बाईनं ती बाटली बाजूला काढली.

“एवढं तेल आत नेता येत नाही, आजी.”

“खायचं तेल हाय की बाई. वास घे पायजे तर.”

बाई हसली, पण बाटली काही तिनं सोडली नाही. मग तिनं पर्समधून मला बाहेर काढलं. मला उजेडात धरलं, झाकण उघडलं, हुंगलं. मोठमोठ्या बाटल्यांपुढे लहान म्हणून मी कायम मागे राहिले होते. “ही चालेल, लहान आहे,” ती म्हणाली. अहो, लहान आहे म्हणून चालेल! दीपमाला परवानगी काढून दारापर्यंत धावत गेली, तेलाची बाटली भुवनेश्वरीच्या हवाली करून आली आणि आम्ही आत गेलो.

विमान धावायला लागलं तेव्हा गीताबाईंनी खुर्चीचा हात आणि लेकीचा हात दोन्ही घट्ट धरले. मग जमीन सुटली. लाल माती, तुरीची रानं, पाण्याचं एक तळं, सगळं खाली खाली जायला लागलं. गीताबाई खिडकीला नाक लावून बसल्या. तिथूनच त्या म्हणाल्या, “दीपे, आपून ढगाच्या वर हाव.” एवढंच. मग हात कोरडे पडले म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. ढगांच्या वर माझं झाकण उघडलं गेलं! माझ्या जातीतल्या कितीजणींना हे सांगता येईल?

बेंगळुरूला चांगुणाबाई खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. बहिणीला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. गीताबाईंनी त्यांना धरलं आणि दोघी कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मग गीताबाईंचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. कातडी सुकून पापुद्रे निघाले होते. केसांचा नुसता गुंता. घरातली माणसं औषधपाणी वेळेवर करत होती, पण बाकीचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि चांगुणाबाईंनी मागितलंही नव्हतं.

“दीपे, ती डबी आण,” गीताबाई म्हणाल्या.

त्यांनी बहिणीचे हात, कोपरं, पाय, सगळं हळूहळू चोळलं. घाई नाही, गडबड नाही. दीपमालानं केस विंचरले, वेणी घातली, कुंकू लावलं. चांगुणाबाई डोळे मिटून पडून होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “आरसा दे की गं.”

त्यांची सून दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. पडल्यापासून सासूबाईंनी आरसा मागितला नव्हता, हे तिनं नंतर सांगितलं.

परत निघताना दीपमालानं मला पर्समध्ये टाकलं होतं. गीताबाईंनी काढून चांगुणाबाईंच्या उशाशी ठेवलं. तेव्हापासून मी इथंच आहे. सूनबाई रोज सकाळी सासूचे पाय चोळते, तेवढा वेळ दोघी गप्पा मारतात. पूर्वी मारत नव्हत्या म्हणे. चांगुणाबाई आधी पलंगावर बसायला लागल्या, मग चार पायांची काठी धरून उभ्या राहायला लागल्या.

आज सकाळी तर कमालच झाली. त्यांनी बोट घालून माझ्या कडा निपटून काढल्या, ते लोशन दोन्ही हातांना चोळलं, सूनबाईनं मला धुऊन खिडकीत ठेवलं तोवर वेणी नीट केली आणि म्हणाल्या, “चल, खाली जाऊन भाजी बघू.” सूनबाई काठी घेऊन धावली. जिन्यावरून त्यांचा आवाज येतोय. टमाटे कसे दिले, म्हणून वरूनच विचारायला लागल्यात.

मी धुऊन खिडकीत पालथी आहे. तुम्ही एवढं ऐकलंत, आता उठा आणि तुमच्या कपाटात मागे ढकललेल्या त्या डबीला जरा पुढे घ्या. मी आता वाळत आलेय, पोट रिकामं आहे आणि पुढे माझ्यात काय भरणार ते मला अजिबात ठाऊक नाही!