राखाडी पट्ट्यांतली खाच

इस्पितळात सगळे तिला ताईच म्हणत. रक्त काढण्यात तिचा हात इतका हलका, की रडकी पोरंसुद्धा "टोचून झालं?" असं विचारत. पण वर्षानुवर्षं वाकून पाठीने हात टेकले आणि तिची बदली वरच्या मजल्यावर, जनुक तपासणीच्या खोलीत झाली. तिथले प्रमुख म्हणजे मास्तर. शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण समजावून सांगायची हौस दांडगी, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"वरची अक्षरांची ओळ ही ताडून बघायची प्रमाण प्रत," पहिल्या दिवशी पडद्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "खालच्या पट्ट्या म्हणजे पेशंटच्या डीएनएचे वाचलेले तुकडे, जिथे जुळले तिथे मांडलेले. प्रमाण प्रतीसारखं असेल ते राखाडी. वेगळं निघालं की रंगीत अक्षर."

"म्हणजे रंग दिसला की आजार?"

"रंग दिसला की थांबायचं, एवढंच. साधारण निम्म्या तुकड्यांत असेल तर दखल घ्यायची. कारण प्रत्येक जनुकाच्या प्रती दोन, एक आईची, एक वडिलांची. दोन-चार तुकड्यांच्या टोकालाच असेल, तर बहुतेक यंत्राची चूक."

तरी पहिल्याच आठवड्यात ताईने टोकावरच्या एका लाल अक्षरावरून राईचा पर्वत केला. मास्तर हसले, ती खजील झाली. घरी नवरा म्हणाला, "दिवसभर राखाडीच बघायचं, तर माझे केस काय वाईट होते?"

मग एका मुलीच्या रक्ताचा नमुना आला. सकाळी उड्या मारत शाळेत जाणारी पोर संध्याकाळी पाय ओढत घरी यायची. एका डॉक्टरने तर नाटकं म्हणून वाटेला लावलं होतं. संगणकाने काढलेल्या बदललेल्या अक्षरांच्या यादीतही काही सापडलं नाही. "पायांच्या तक्रारीशी संबंधित जनुकं एकदा नजरेखालून घाला," मास्तर म्हणाले.

ताई बघत गेली. सगळं राखाडी. पुढे सरकणार, तोच मनात पाल चुकचुकली. रंग कुठेच नव्हता, पण एका जागी पट्ट्यांचा ढीग एकदम निम्म्यावर उतरला होता, भिंतीत खाच पडावी तसा. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे तिने लगेच हाक मारली नाही. त्याच खेपेचे इतर पेशंटचे नमुने उघडले. तिथे ढीग भरलेला. मग तिने मास्तरांना बोलावलं.

त्यांनी दोन्ही ढीग शेजारी शेजारी लावून पाहिले. "अक्षर बदललेलं नाही, म्हणून यादीत आलं नाही. दोनपैकी एका प्रतीतला तुकडाच गायब दिसतोय."

"दिसतोय की आहे?"

"दुसऱ्या पद्धतीने पडताळलं की 'आहे' म्हणू. पण छान पकडलंत."

पडताळणीसाठी मुलीला आणि आईवडिलांना ताजं रक्त द्यायला बोलावलं. ताईने स्वतःच काढलं. आईच्या दंडाला पट्टा बांधताना तिने सहज विचारलं, "तुमचे पाय कसे आहेत?"

"माझे? संध्याकाळी शिशासारखे जड होतात," आई म्हणाली. "पण घरकाम करून कुणाचे होत नाहीत?"

अहवाल आला. लेकीच्या एका प्रतीत जो तुकडा नव्हता, तो आईच्याही एका प्रतीत नव्हता. आजाराला नाव मिळालं, आणि नशिबाने औषधही साधंच होतं, एक लहानशी गोळी.

पुढे एका संध्याकाळी दोघी भेटायला आल्या. लेक जिना धावत चढली. मागून आई आली, कठड्याला हात न लावता.

"इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते हो ताई," ती म्हणाली आणि खुर्चीत बसायचंही विसरली.

मुलीला आपल्या पट्ट्या बघायच्या होत्या. मास्तर तत्परतेने पुढे झाले. प्रमाण प्रत, तुकडे, खाच, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "मग मी खाली जाऊ?"

उत्तराची वाट न बघता ती जिन्यावर पोचलीसुद्धा. "अगं हळू," म्हणत आई तिच्यामागे धावली. मास्तरांचं बोट पडद्यावरच राहिलं होतं. ताई दारात उभी राहून खाली जाणारी पावलं ऐकत होती.