एका लाथेची हौस

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. कागदाचा नव्हे, ठोसे झेलण्याचा. मुठींची लढत शिकवणारी माणसे दोन्ही हातांत जाड, गोल पॅड घालून उभी राहतात आणि शिकणारा त्यांवर ठोसे मारतो, हे तुम्ही पाहिले असेल. अशा जोडीतला मी उजव्या हाताचा. माझ्या मधोमध एक पांढरा ठिपका होता, तो मार खाऊन खाऊन पुसला गेला. आज मी जे सांगणार आहे ते सांगताना माझी मान खाली जाते. मला मान नाही हे खरे, पण असती तर खालीच गेली असती.

माझा जन्म एका कारखान्यात, मोठ्या शिलाई यंत्राखाली झाला. फोमचे तीन थर, वर कातडे आणि मागे बोटे घालायला खोबण व हाताला आवळायला पट्टा. मला शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका घातला, मला आपल्या हातात चढवले आणि दुसऱ्या हाताची मूठ माझ्यावर हाणली. "ठोशांना पक्का आहे," असे म्हणून तिने मला खोक्यात टाकले.

तिथून मी आत्याच्या हातात आलो. तिला सारे जिम आत्याच म्हणत असे, कारण तिची खरीखुरी भाची तिथे शिकत होती. आत्या दिवसभर एका रुग्णालयाच्या लाँड्रीत असायची. ओल्या चादरी गरम रुळांतून काढायच्या, घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे. संध्याकाळी दोन तास ती टायरच्या दुकानामागच्या जिममध्ये शिकवायला यायची. तरुणपणी ती स्वतः रिंगणात उतरली होती. त्या दिवसांची खूण म्हणून तिचे नाक किंचित डावीकडे कलले होते. तिच्या तळहाताला साबणाचा वास यायचा. तो वास अजून माझ्या खोबणीत आहे.

भाची चौदा वर्षांची असताना आली. तिला स्वतःभोवती गिरकी घेऊन लाथ मारायचे भारी वेड. पण आत्याने तिला वर्षभर गिरकी घेऊ दिली नाही. नुसते एक-दोन. एक म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा, दोन म्हणजे मागच्या उजव्या हाताचा. फार तर तीन, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा.

"अगं आत्या, किती वेळा तेच ते? मी काय घड्याळाचा लंबक आहे का?"

"लंबक चुकत नाही, तू चुकतेस. हनुवटी खाली. पुन्हा."

आणि पुन्हा धप्‌, धप्‌. दिवसाला हजार तरी असतील. मलाही कंटाळा यायचा, खोटे कशाला बोलू?

पुढे ती जाळीच्या पिंजऱ्यात लढू लागली. तिथे ठोसे, लाथा, कुस्ती सारेच चालते. बावीस वर्षांची होईतो लोक तिला भिंगरी म्हणू लागले. ती गरकन फिरायची, तिची टाच समोरच्या मुलीच्या बरगडीत बसायची आणि सारे सभागृह उभे राहायचे. पण मित्रांनो, खरी गोष्ट मला ठाऊक होती. आधी एक-दोन पडायचे. समोरची तोंड वाचवायला हात वर घ्यायची. हात वर गेले की बरगडी उघडी पडायची आणि मग टाच यायची. काम मुठी करायच्या, टाळ्या टाच घ्यायची. लाथ चुकली त्या दिवशीही मुठींनीच तिला तारले होते. तसे एकदा नव्हे, चारदा झाले होते.

हे ठाऊक असूनही मी भुललो. आमच्या जिममध्ये लाथा झेलायचे वेगळे पॅड होते, लांबलचक, ढालीसारखे, दोन्ही हातांनी धरायचे. भिंगरीचे जेवढे फोटो भिंतीवर लागले, तेवढ्या सगळ्यांत ते होते. मी एकाही फोटोत नव्हतो. ते कोपऱ्यात ऐटीत उभे असत आणि मी खिळ्याला लटकून त्यांच्यावर जळत असे. एकदा तरी ती लाथ माझ्यावर बसावी, अशी मला हौस लागली.

भिंगरीचेही काहीसे तसेच झाले होते. कोणी मुलाखत घ्यायला आले की ती लाथेबद्दल घडाघडा बोलायची. ठोशांबद्दल विचारले, तर "ते काय, सगळ्यांनाच येतं," म्हणून मोकळी व्हायची. आत्या तिथेच बाकावर बसून मुठींना बांधायच्या पट्ट्यांची गुंडाळी करत असायची. ती ऐकायची आणि गुंडाळत राहायची.

मोठी लढत तीन आठवड्यांवर आली तेव्हा एका रविवारी सकाळी जिमच्या मालकाने एका व्हिडिओवाल्याला बोलावले. आत्या सकाळची पाळी संपवून लाँड्रीच्या गणवेशातच आली होती. तिने ढालीसारखा पॅड उचलला. व्हिडिओवाल्याने मान हलवली. "याच्यामागे तुम्ही दिसतच नाही हो. ते छोटे घ्या ना. दोघींचे चेहरे येतील."

"हे ठोशांचे आहेत," आत्या म्हणाली. "लाथेला नाही चालायचे. मनगट उघडं राहतं."

"एकदाच गं आत्या," भिंगरी लाडात आली. "हळूच मारते. तुझाही फोटो लागेल भिंतीवर!"

आत्या हसली. भाचीच्या लाडापुढे ती नेहमीच विरघळायची. तिने मला हातात घातले आणि खांद्याच्या उंचीवर धरले. त्या क्षणी मी काय केले असेल? मी फुललो. आता आपली पाळी, एवढेच माझ्या मनात आले. आपल्यामागे एक हात आहे, त्याला हाडे आहेत, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

पहिली लाथ हळू होती. "छान," व्हिडिओवाला म्हणाला, "पण आवाज नाही आला. जरा जोरात?"

आत्या काही बोलायच्या आत भिंगरी फिरली. पूर्ण जोराने. टाच माझ्या ठिपक्यावर बसली नाही, खालच्या काठावर बसली. मी मागे दुमडलो आणि आत्याच्या मनगटाला घेऊन दुमडलो. आवाज आला. माझा नव्हे.

आत्या ओरडली नाही. ती गादीवर खाली बसली, हात छातीशी धरला आणि हळूच म्हणाली, "पट्टा सोड गं आधी. दुखतंय."

भिंगरीने मला सोडवले. तेवढ्यात मालक धावत आला. "काय झालं? कसं झालं?"

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. कॅमेरा अजून चालू होता. ती त्याच्याकडे पाहून भरभर म्हणाली, "आत्याने हात खाली घेतला. नीट धरलंच नाही तिने."

मित्रांनो, तो हात तसूभरही हलला नव्हता. मी त्या हातात होतो, माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? आत्याने भाचीकडे पाहिले. मग ती मालकाला म्हणाली, "हो, माझाच हात खाली आला असेल."

तिला दवाखान्यात नेले. मनगट दोन ठिकाणी मोडले होते. मला कोणीतरी कपाटात फेकले. व्हिडिओवाल्याने मोडल्यानंतरचे सारे कापून टाकले आणि लाथेपर्यंतचा तुकडा तेवढा सर्वत्र पाठवला. लाखो लोकांनी तो पाहिला. माझी हौस फिटली, मित्रांनो, अगदी पोटभर फिटली.

पुढचे दिवस भिंगरी मालकाबरोबर सराव करत होती. एकदा तिने टॉवेलसाठी कपाट उघडले, मी समोर दिसलो आणि तिने दार असे लावले की जणू आत कोणी बसले होते. घरी आत्या डाव्या हाताने जेवते, केस विंचरायला शेजारणीला बोलावते, हे ती एकदा मालकाला सांगत होती. सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "चला, पुढची फेरी." खरे बोलायची संधी तिला रोज होती. ती संधी भिंगरी रोज चुकवत होती. ते पाहून मला तिचा राग यायला हवा होता, पण मी कोणत्या तोंडाने रागावणार?

लढतीच्या दिवशी अंग गरम करायला मालकाने आम्हा जोडीला घेतले आणि मग पिंजऱ्याशेजारच्या बाकावर ठेवले. आत्याही आली होती, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. कोणी बोलावले नव्हते, आणि अडवायची कोणाची छाती नव्हती.

समोरची मुलगी उंच आणि शांत होती. तिने भिंगरीचे व्हिडिओ पाठ केले असावेत. भिंगरी फिरायला लागली की ती मागे सरकायचीच नाही, उलट पुढे घुसायची. पहिली गिरकी अर्धी राहिली आणि भिंगरी पाठीवर आपटली. दुसऱ्या गिरकीलाही तेच. मालक ओरडत होता, "टाच काढ! लोक तेच बघायला आलेत!" पहिली फेरी संपली तेव्हा भिंगरीच्या भुवईतून रक्त येत होते आणि लोक कुजबुजू लागले होते.

ती स्टुलावर बसली. मालक काही सांगायला वाकला, तोच आत्याने त्याला खांद्याने बाजूला केले. भिंगरीने मान फिरवली. तिला आत्याकडे बघवेना.

"माझ्याकडे नको बघूस, चालेल," आत्या म्हणाली. "तिच्या हनुवटीकडे बघ. एक-दोन. बाकी काही नको."

"आत्या, मी..."

"नंतर. श्वास घे."

दुसऱ्या फेरीत भिंगरी एकदाही फिरली नाही. एक. दोन. मागे. एक, एक, दोन. समोरची गिरकीची वाट पाहत राहिली आणि ठोसे खात राहिली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कोणी ओरडले, "लाथ कुठंय?" मी बाकावर पडून प्रत्येक ठोसा ओळखत होतो. त्या कंटाळवाण्या संध्याकाळींचे ठोसे होते ते, एकेक माझ्यावर घडलेला. तिसऱ्या फेरीत एक-दोन पडले, समोरचीचे हात वर गेले आणि बाजूने तीन आला. ती गुडघ्यांवर बसली. पंच मध्ये आले. लढत संपली.

माइकवाला हसत पिंजऱ्यात शिरला. "भिंगरी जिंकली, पण भिंगरी फिरलीच नाही! ती प्रसिद्ध लाथ कुठे ठेवलीस?"

भिंगरीने माइक घेतला.

"तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय," ती म्हणाली. "त्यात पॅड धरलाय ती माझी आत्या. त्या लाथेनं तिचं मनगट मोडलं. तिनं हात खाली घेतला, असं मी सांगितलं. खोटं होतं ते. हात जागेवर होता. तिनं नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. आज मी जे मारलं ते सगळं तिनं शिकवलंय. मला टाळ्या नकोत."

कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नुसते पाहत राहिले. भिंगरी बाहेर आली आणि आत्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. आत्याने डाव्या हाताने तिच्या भुवईवर टॉवेल दाबला. "आधी रक्त पूस," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण तिने भाचीला जवळ ओढले नाही. त्याला आणखी काही महिने जावे लागले.

प्लास्टर निघाले तरी मनगट पूर्ण वळत नाही. लाँड्रीत आत्याला रुळांच्या कामावरून काढून गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायचे काम दिले आहे. पॅड धरणे तिला कायमचे बंद झाले. ती बाकावर बसून आकडे सांगते आणि मला भिंगरी हातात घालते. भिंगरीने तो व्हिडिओ काढून टाकायला लावला, पण तोवर तो हजारो हातांत गेला होता. अजून फिरतो. नवीन मुले जिममध्ये येतात, मला ओळखतात आणि म्हणतात, "अरे, हाच तो पॅड!" ती कौतुकाने मला हात लावतात. मित्रांनो, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावेसे वाटते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. माझे कातडे फाटले आहे, ते शिवले नाही तरी चालेल. पण जेव्हा कोणी तुमच्यासाठी हात पुढे करून उभे असेल, तेव्हा मारण्याआधी त्याला विचारा, "तयार आहेस ना?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.