कड्याखालची जागा

अबिलियु आणि त्याची बायको ग्रासिएत दरवर्षी ऑगस्टचा दुसरा आठवडा तोर्दुच्या पुळणीवर काढत. वर्षभर एव्होराच्या धगीत राहायचं आणि सात दिवस समुद्रात पाय सोडून बसायचं, असं बावीस वर्षं चाललं होतं. गावातल्या एका विधवेच्या घरातली मागची खोली ठरलेली. पुळणीवरची जागाही ठरलेली, पाण्यापासून वीस पावलांवर, उघड्या वाळूत. अबिलियुला उन्हाचं काही वाटत नसे. चौतीस वर्षं बस चालवून त्याचा खिडकीकडचा डावा हात कायमचा रापला होता. यंदा वसंतात तो निवृत्त झाला होता.

त्या वर्षी ग्रासिएतला रक्तदाबाच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. घोटे सुजायचे, उन्हात गेलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यात दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने छत्रीची काडी मोडली. बुधवारी सकाळी ती पिशवी घेऊन सरळ पुळणीमागच्या कड्याच्या सावलीत गेली.

"इथे बसू," ती म्हणाली.

अबिलियुने वर पाहिलं. पिवळट मातीचा कडा चार मजले उंच होता आणि त्याच्या मधोमध ओलसर भेग गेली होती. "इथे बसू नये म्हणतात."

"म्हणू देत. ती बघ, जर्मन मंडळी बसलीत तिकडे. त्यांना काय अक्कल नाही?"

"जर्मनांना उन्हातलं काय कळतंय," तो म्हणाला खरा, पण टॉवेल अंथरला.

अकराच्या सुमारास जीवरक्षक आला. वाल्देमार त्याचं नाव, पंचेचाळिशीचा माणूस. पूर्वी त्याची स्वतःची मासेमारीची होडी होती, ती विकल्यापासून उन्हाळ्यात हे काम करायचा. "ताई, इथून उठा जरा," तो म्हणाला. "हिवाळ्यात या कड्याचा तुकडा खाली आलाय. धोक्याची पाटी होती, तीही वाऱ्याने नेली."

ते उठले, दहा पावलं पुढे गेले. त्याची पाठ वळल्यावर ग्रासिएत परत सावलीत आली, आणि तिच्यामागून अबिलियुही. जर्मन मंडळी तोवर निघून गेली होती.

एकच्या सुमारास वाल्देमार पुन्हा आला. "ताई, मी मघाशीच सांगितलं होतं."

"तुमच्या खुर्चीवर छत्री आहे ना," ग्रासिएत म्हणाली, "म्हणून दुसऱ्याला उन्हात तळायला सांगणं सोपं जातं तुम्हाला."

अबिलियु ओशाळला. तो उभा राहिला, टॉवेल झटकायला उचलला. "चल ग. त्याचं काम करतोय तो."

तिने टॉवेलचं दुसरं टोक धरलं. "बस खाली. जेवण होऊ दे, मग बघू."

तो बसला. वाल्देमार थोडा वेळ तसाच उभा राहिला. तेवढ्यात पाण्याकडून कुणीतरी त्याला हाक मारली, एका बाईच्या पायात विषारी माशाचा काटा रुतला होता, म्हणून तो तिकडे धावला.

त्यांनी माशाचे वडे आणि गार झालेला टोमॅटोचा भात खाल्ला. खरबूज कापलं. हात चिकट झाले, म्हणून ग्रासिएत डबा घेऊन पायऱ्यांजवळच्या नळाकडे गेली. डबा विसळताना तिला ट्रकमधून खडी ओतल्यासारखा आवाज आला. रस्त्याचं काम चालू असेल, असं तिला वाटलं. वळून पाहिलं तर कड्याच्या जागी पिवळी धूळ होती, आणि धूळ खाली बसल्यावर तिथे सावली नव्हती, मातीचा ढीग होता.

वाल्देमार तिच्या आधी पोचला. फावडी येईपर्यंत तो हातांनी उकरत होता. बोटांची नखं निघाली तरी थांबला नाही. अबिलियु सापडला तेव्हा चार वाजत आले होते. कुणीतरी तिचं तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण तिने पाहिलं.

सेतुबालहून अबिलियुची थोरली बहीण ओदेत आली. त्याला लहानपणी हिनेच वाढवलं होतं. एव्होराला दफन झालं. घरी परतल्यावर ओदेतने ग्रासिएतपुढे सूप ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं कसं नाही ग? कुणी हटकलं नाही?"

ग्रासिएतने चमचा उचलला. "नाही," ती म्हणाली.

तो शब्द तोंडून कसा गेला ते तिला कळलं नाही. पण ओदेतने तो पकडला. वार्ताहर आला त्याला सांगितला, शेजाऱ्यांना सांगितला, पाद्रीबाबांना सांगितला. पाटी नव्हती, हे खरंच होतं. आठवड्याभरात वाल्देमारला कामावरून घरी बसवलं आणि चौकशी लागली. ओदेत म्हणाली, "तो सुटता कामा नये. माझा भाऊ मातीखाली गेला आणि हा खुर्चीवर बसून होता."

ग्रासिएत काही बोलत नसे. लोक म्हणत, बिचारी धक्क्यात आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस जबानीसाठी बोलावणं आलं. ओदेत सोबत आली. पुळणीचा कारभार पाहणाऱ्या, बंदरावरच्या कचेरीत बाकावर वाल्देमार बसला होता, दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या. तो उठून उभा राहिला.

"ताई, फार वाईट झालं," तो म्हणाला. "मला तेव्हा तिथून हलायला नको होतं."

तिने 'नाही' का सांगितलं, ते त्याने विचारलं नाही. ओदेत तोंड फिरवून म्हणाली, "आता सुचतंय याला."

दोघी आत गेल्या. तिथे एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. त्यांनी कागद वाचला. "त्या दिवशी तुम्हाला कुणीही इशारा दिला नव्हता, असं तुमच्या नणंदेने कळवलंय. बरोबर?"

ग्रासिएतचे घोटे ठणकत होते. तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"दिला होता," ती म्हणाली. "दोनदा. या बाहेरच्या माणसाने. मीच ऐकलं नाही. वर त्याला टोमणा मारला."

"काय बोलतेस तू?" ओदेत म्हणाली.

"अबिलियु उठला होता, ताई. मी खाली बसवलं त्याला."

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. बाहेर आल्यावर वाल्देमार कुठे दिसला नाही. त्याला दुसऱ्या दारातून आत बोलावलं होतं.

परतीच्या बसमध्ये ओदेत पुढे जाऊन एकटी बसली. एव्होराला उतरल्यावर तिने घरातून आपली बॅग घेतली, भिंतीवरचा अबिलियुचा फोटो काढला आणि सेतुबालची बस पकडायला निघून गेली. ग्रासिएत आडवी आली नाही.

वाल्देमारवरचा ठपका दूर झाला. पण पुळणीवर तो पुन्हा गेला नाही. मासळीबाजारात बर्फ फोडायला लागला, असं खोली देणाऱ्या त्या विधवेने फोनवर सांगितलं. बोटं नीट मिटत नाहीत त्याची, म्हणाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, मृतांना फुलं वाहायच्या सणाला, सगळं एव्होरा शेवंती घेऊन दफनभूमीत लोटलं होतं. ग्रासिएत अबिलियुच्या थडग्याचा दगड पुसत होती. पाठीमागे कुणी थांबल्याचं जाणवलं, वळली तर ओदेत. ओदेतने आपली फुलं ठेवली, वाकडी होती ती सरळ केली.

"तो उठला होता म्हणालीस ते," ती म्हणाली, "खरंच उठला होता?"

"हो. टॉवेल हातात घेतला होता."

"काही म्हणाला?"

"चल ग, म्हणाला. त्याचं काम करतोय तो, म्हणाला."

ओदेतने मान हलवली. "तसाच होता तो," ती म्हणाली. मग रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि लोकांच्या गर्दीतून फाटकाकडे चालू लागली. ग्रासिएत तिच्यामागे गेली नाही. अर्धा दगड पुसायचा राहिला होता.