विहिरीजवळची पाच झाडं

पुलगावच्या बाजारात यशोदाबाईची टोपली उतरायचा अवकाश, की गिऱ्हाइकांचा गराडा पडायचा. भेंडी बोटभर लांब, कोवळी लुसलुशीत आणि बी तिच्या आईचं. दर उन्हाळ्यात विहिरीजवळची पाच झाडं ती बियासाठी राखायची आणि शेंगा कडक वाळेपर्यंत त्यांना कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या भेंडीचा तिला भारी ताठा, आणि तो तिला शोभायचाही.

म्हणूनच १९९८ च्या पावसाळ्यात नव्या पेऱ्याची पानं पिवळी पडू लागली तेव्हा तिचं डोकंच फिरलं. आधी शिरा पिवळ्या, मग अख्खं पान, आणि भेंडी पांढुरकी, चिवट. असली भेंडी आईच्या बियाची म्हणून कोण घेणार? नवरा रामाजी म्हणाला, युरिया कमी पडला. युरिया टाकला. झाडं माजली आणि पिवळेपणाही वाढला.

शेवटी कृषी सहायक आला. त्यानं एक पान उलटं केलं. खाली पिठाच्या कणांएवढ्या पांढऱ्या माश्या.

"हा हळद्या रोग. माशी रोगी झाडाचा रस पिते आणि रोग घेऊन चांगल्या झाडावर बसते. बियातून येत नाही, माशीच आणते."

"मंग ह्या बबनभाऊच्या वावरातूनच आल्या!" यशोदाबाईनं निकाल देऊन टाकला आणि तडक शेजारच्या बांधावर गेली. "भाऊ, तुमच्या माश्यांनं माह्या आईचं बी बुडून राह्यलं. काऊन साफ नाई करत हा धुरा?"

बबनराव भला माणूस. मुकाट्यानं त्यांनी बांधावरचं गवत काढलं. रोग काही थांबला नाही.

आठ दिवसांनी यशोदाबाई सकाळीच वावरात शिरली. बबनरावांच्या बाजूच्या ओळी हिरव्यागार होत्या. विहिरीकडे जावं तसतसा पिवळा रंग वाढत गेला. शेवटच्या ओळीत एकही पान धड नव्हतं. त्यापुढं तिची ती पाच झाडं, पार पिवळी. म्हातारी झाली म्हणून पिवळी पडली, असंच ती समजत आली होती. तिनं एक झाड हलवलं. माश्यांचा लोट उठला आणि नव्या ओळींवर जाऊन बसला.

यशोदाबाईला लाज वाटली, राग आला, रडूही आलं. मग तिनं वाळलेल्या शेंगा पदरात घेतल्या, माश्या उडू नयेत म्हणून एकेका झाडावर पोतं घातलं आणि पाचही झाडं मुळासकट उपटून जाळली. रोगी ओळींचीही तीच गत केली.

तशीच ती बबनरावांच्या अंगणात गेली. तिथं चार माणसं चहा पीत होती. तिनं मान खाली घातली नाही.

"बबनभाऊ, रोग माह्याच झाडांचा होता. तुमाले उगाच बोलली मी."

बबनराव म्हणाले, "बस बाई, चहा घे."

पुढच्या साली तिची भेंडी पुन्हा हिरवीगार उतरली. बबनराव बी मागायला आले. यशोदाबाईनं ओंजळभर दिलं.

"पान पिवळं दिसलं का झाड उपटजा, भाऊ. बियाचं असलं तरी."

त्याच्या पुढच्या मोसमात पुलगावला बबनरावांचीही टोपली उतरली. एका बाईनं भेंडी मोडून पाहिली. "यशोदाबाईची दिसते हे?"

"तिच्या मायची हाय," बबनराव म्हणाले.

पलीकडे बसलेल्या यशोदाबाईनं ते ऐकलं आणि भर बाजारात तिचे डोळे भरून आले.