रतनबाईची रोमची दोरी

गहिनीनाथाला शंका यायला कारण लागायचंच नाही. माणूस हसून बोलला तर ह्याला पाहिजे तरी काय, आणि न हसता बोलला तर ह्याच्या पोटात आहे तरी काय! पाटोद्याच्या माळावर साठ मेंढरं राखण्यात जन्म गेलेला माणूस. नव्या रानात शिरायच्या आधी स्वतः पुढं जाऊन पाणी कुठं, सावली कुठं, कुत्री किती, शेताचा मालक कसा, हे बघून आल्याशिवाय कळपाला पाऊल टाकू द्यायचा नाही. ते बरोबरच होतं म्हणा. पण हाच नियम तो लग्नाच्या पंगतीलाही लावायचा, त्याला काय करणार?

तर अशा माणसाच्या दारात दिवाळीच्या आधी बीडहून एक जीप येऊन थांबली. मेंढपाळांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या वर्षाराणी मॅडम खाली उतरल्या, बाजेवर टेकल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "रतनबाईंना रोमला न्यायचंय."

"कुठं?"

"रोमला. इटली देशात. जगभरातले मेंढपाळ येणार आहेत. तीन दिवस बैठक आणि चौथा दिवस मोकळा, शहर बघायला. कोकरांच्या औषधपाण्यातलं रतनबाईंना जे कळतं, ते त्यांनी तिथं सांगायचं. मी सोबत आहेच. खर्च सगळा संस्थेचा."

झालं! गहिनीनाथाच्या मनात पाल चुकचुकली. परदेशातून फुकट आलेली एकच वस्तू त्यानं आजवर पाहिली होती, ती म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळातली लाल ज्वारी, आणि ती खाऊन त्याचं पोट आठ दिवस जाग्यावर नव्हतं. शिवाय दुसरी एक शंका होती, ती त्यानं तोंडातून काढली नाही. मला न्हाई, हिला कावून? उत्तर सगळ्या वाडीला ठाऊक होतं. कुणाचंही कोकरू मान टाकायला लागलं की ते पटकुरात गुंडाळून रतनबाईकडं यायचं, गहिनीनाथाकडं नाही.

मॅडमनी एक कागद पुढं केला. घरच्या माणसाची हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. "ह्याच्यावर तुमचा अंगठा पाहिजे. पंधरा दिवस आहेत. तुमचं नाही म्हणणं असेल तर गेवराईच्या एका बाईंचं नाव पाठवावं लागेल."

रतनबाई चुलीपाशी उभी होती. तिनं तो कागद घेतला, पदरानं पुसलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पेटीला कडी घातली.

दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी तिला बीडला नेऊन दवाखान्यातून तपासून आणलं. रक्त, छातीचा फोटो, सगळं. ही बातमी आश्रुबाला लागली. आश्रुबा म्हणजे गहिनीनाथाचा लहानपणापासूनचा सोबती; त्याचीही मेंढरं ह्याच माळावर. पेपरातली प्रत्येक वाईट बातमी त्याच्याकडं पेपराच्या आधी पोहोचायची.

"रगत तपासलं?" आश्रुबानं कपाळाला हात लावला. "बे गहिन्या, बाजारात जनावर घ्यायच्या आदी दात कावून बघत्यात? किडनी काढून घेत्यात बाबा! लई मोठा धंदा चाललाय सध्या."

"पर तिथं बैठक हाय म्हनं."

"तीन दिस हाय बैठक. चौथा दिस मोकळा कावून ठिवलाय, त्याचा इचार केला का?"

गहिनीनाथानं नव्हता केला. आता मात्र त्याच्या डोक्यात तो चौथा दिवस असा घुसला की काढता निघेना. तीन दिवस चार भिंतींत, शंभर माणसांत. तिथं कुणाची काय छाती! पण मोकळा दिवस म्हणजे राखणदार नसलेलं रान. तो भरूनच टाकला पाहिजे. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री पडेपर्यंत ही बाई कुठं उभी आहे, हे मला इथं कळलं पाहिजे. असं असलं तरच अंगठा, नाहीतर गेवराईच्या बाईनं जावं आणि आपली किडनी द्यावी!

मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्याकडं रोमच्या चित्रांचं पुस्तक होतं. गहिनीनाथानं रतनबाईला काळ्या लोकरीची हातभर दोरी काढायला लावली. लिहिणं-वाचणं दोघांनाही येत नव्हतं. कुणाकडची किती मेंढरं कातरली हे तो आजवर दोरीच्या गाठींनीच ध्यानात ठेवत आला होता. एक गाठ म्हणजे एक ठिकाण.

"ह्यो गोल वाडा कुनाच्या मेंढरांचा?" त्यानं पहिल्याच चित्रावर बोट ठेवलं.

"वाडा नाही हो, दोन हजार वर्षांपूर्वीचा आखाडा आहे. आत माणसं जनावरांशी झुंजायची आणि लोक बसून बघायचे."

"आता झुंजत न्हाईत ना?"

"नाही, नाही."

"दारं किती हायत?"

मॅडमना ते सांगता येईना. पुष्कळ असतील म्हणाल्या. पुष्कळ दारं असलेली जागा राखायला वाईट, पण सकाळी गर्दी असते म्हटल्यावर त्यानं एक गाठ मारली. मोठ्या चर्चला हजारो माणसं असतात हे ऐकून तर त्यानं खूश होऊन दोन गाठी मारल्या. पडक्या खांबांच्या रानात पूर्वी गुरं चरायची, असं मॅडम म्हणाल्या. तिथंही त्यानं एक गाठ दिली, वरून विचारलं की, गवत कसलं असतंय? पण जमिनीखालची जुनी थडगी बघायला जातात म्हटल्यावर मात्र तो उठूनच उभा राहिला. "जमिनीच्या खाली? मुळीच न्हाई! कुनी दिलेला च्या घ्यायचा न्हाई, कुठं डोळा मिटायचा न्हाई, आन् जमिनीच्या खाली जायाचं न्हाई."

रतनबाई सगळ्याला हं हं करत होती. एका चित्रावर मात्र तिची नजर अडकली. दगडी घोडे, दगडी माणसं आणि त्यांच्या पायातून खळाळत येणारं निळंशार पाणी. एवढं पाणी तिनं माळावर कधी पाहिलं नव्हतं. ती गाठ तिनं स्वतःच मारली, बरोबर दुपारच्या जागी.

"कारंजं आहे ते," मॅडम म्हणाल्या. "त्याच्याकडं पाठ करून खांद्यावरून पाण्यात नाणं टाकतात. टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो, असं मानतात तिथं."

"पुन्यांदा?" गहिनीनाथाचा आवाज चढला. "पुन्यांदा कावून? तिथं काय ठिवलंय पुन्यांदा जायाला? सोड ती गाठ."

रतनबाईनं नवऱ्याकडं बघितलं. मग दातांनी ओढून गाठ सोडली. दोरीत वीतभर जागा रिकामी झाली.

"आता हितं दुसरं कायतरी घाल," तो म्हणाला.

"नगं."

"नगं म्हंजी?"

"तेवढा वकूत मोकळा ऱ्हाऊ द्या."

"मोकळा? आन् करशील काय?"

"काय न्हाई. बसंन."

"कुनासंगं?"

"कुनासंगं काय बाई! मॅडमला म्हनंन, तुमी हितं च्या पीत बसा, मी जरा तिकडं बसते."

"पर कावून?"

रतनबाईनं दोरी मुठीत धरली. "कावून ते मला बी म्हाईत न्हाई. लगीन झाल्यापून येक घंटा असा गेला न्हाई की रतन कुठं हाय म्हनून कुनी इचारलं न्हाई. तेवढा येकच घंटा मागते. बाकी समदा दिस तुमचाच हाय की!"

मॅडमनी पुस्तक मिटलं आणि जीपकडं निघाल्या.

आता बघा, खरं तर बाईनं सरळ सांगितलं होतं. पण गहिनीनाथाला सरळ बोलण्याचाच जास्त संशय. किडनी राहिली बाजूला. ही तिथं बसून करणार काय? नाणं टाकणार? तिकडंच राहायचं मनात घेणार? ती पाण्याला गेली असताना त्यानं गुपचूप दोरीच्या मोकळ्या जागी गाठ मारून टाकली. संध्याकाळी बघतो तर गाठ सुटलेली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली. तीन दिवस हेच. दोघं एकमेकांशी मेंढरांचं बोलत, भाकरीचं बोलत, पण गाठीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

चौदाव्या दिवशी रतनबाईनं पेटी उघडली आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"अंगठा दिऊ नगा," ती म्हणाली. "मी न्हाई जात. पर त्या जागी गाठ बी मारू नगा."

गहिनीनाथ बघतच राहिला. विमान नको, रोम नको, पण दोरीतली वीतभर जागा पाहिजे! असली बाई त्यानं तीस वर्षांत बघितली नव्हती, आणि तीस वर्षं तर तो हिच्याच बरोबर राहत होता. त्याला राग आला, भीतीही वाटली. पण गेवराईच्या बाईची जीप आपल्या दारावरून धुरळा उडवत जाणार, हे काही त्याला बघवणार नव्हतं. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर असा दाबला की कागद फाटायचा राहिला.

"पर ध्यानात ठिव," तो म्हणाला, "हितं बसून मी राखन करनार हाय."

आणि त्यानं खरंच दुसरी दोरी केली. तशाच गाठी, तशीच मधे मोकळी जागा. एक दोरी रतनबाईच्या पिशवीतून विमानात बसून गेली, एक गहिनीनाथाच्या बंडीच्या खिशात राहिली.

चौथा दिवस उजाडला, तसा तो माळावर बाभळीखाली दोरी घेऊन बसला. ऊन कासराभर वर आलं, त्यानं पहिल्या गाठीवर बोट ठेवलं. आता आखाड्यात असंल. मग पडके खांब. मग चर्चच्या दोन गाठी. ऊन डोक्यावर आलं आणि मोकळी जागा आली. गहिनीनाथ ताठ बसला. आता ती बसली असंल. कशी बसली असंल? पाय पसरून? पदर डोक्यावर असंल का? पाण्याकडं बघत असंल, का पाठ करून?

समोरून आश्रुबा आला. "काय करतोस बे?"

"काय न्हाई. बसलोय."

आश्रुबा बरं म्हणून पुढं गेला. एका शब्दानं जास्त विचारलं नाही. आणि गहिनीनाथाला आपलंच बोलणं ऐकू आलं. अरेच्चा! मी तर रोजच बसतो. मेंढरं सावलीला रवंथ करतात आणि मी दोन-दोन घंटे ह्या बुंध्याला पाठ लावून पडतो. कुणासंगं, कावून, असं कुणाच्या बापानं मला आजवर विचारलं नाही. रतन रोज दुपारी भाकरी घेऊन येते, फडकं सोडते आणि उभ्या उभ्याच मागं फिरते. इथं बाभळीखाली ती कधी बसली? त्यानं लई आठवून बघितलं. एकदाही नाही. त्याला खरोखर लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस करतो तसं त्यानं उगीचच एका मेंढराला शिवी दिली.

पाचच्या सुमाराला शाळेचे संगमेश गुरुजी सायकलवरून घराकडं निघाले होते. गहिनीनाथानं त्यांना थांबवलं. "गुरुजी, रतनचा रोमातला दिस सरला बघा. मी समदा राखला."

गुरुजींनी दोरी बघितली, हकीकत ऐकली आणि हँडलवर डोकं टेकवून हसायला लागले. "अहो गहिनीनाथ, तिथं सूर्य साडेचार तास उशिरा येतो! तुमचं ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिथं नुकतं उजाडलं होतं. दुपार तर तिथं आत्ता होतेय."

"आत्ता?"

"ह्याच घटकेला."

गुरुजी गेले. गहिनीनाथ दोरी हातात धरून उभा राहिला. म्हणजे तो रिकामा घंटा अजून पुढंच होता. आता सुरू होत होता. राखायचा तर राखता येत होता. त्यानं दोरीतल्या वीतभर जागेकडं बघितलं. मग दोरी गुंडाळली, खिशात घातली आणि हाळी देत मेंढरं गोळा करायला निघाला. मोजताना दोनदा चुकला, पण रोमकडं ध्यान जाऊ दिलं नाही.

पुढच्या सोमवारी रतनबाई परत आली. आश्रुबा तिच्या कुशीकडं निरखून बघायला लागला, तसं तिनं त्याला झापलं, "हायत, दोन्ही जाग्यावर हायत!" आखाड्याची दारं ऐंशी असतात, हे तिनं आल्या आल्या सांगितलं. पडक्या खांबांतलं गवत बरं आहे, पण तिथं चारू देत नाहीत. गहिनीनाथानं सगळं विचारलं. त्या घंट्याचं मात्र विचारलं नाही. तो विचारील म्हणून ती वाट बघत होती. नाही विचारलं, तसं तिच्या कपाळाला आठी पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरीची पाटी घेऊन माळावर आली. फडकं सोडलं आणि फिरली.

"बस की जरा," गहिनीनाथ म्हणाला.

रतनबाईनं डोळे बारीक केले. "कावून?"

"असंच."

"काय काम हाय?"

"काम न्हाई गे. बस म्हनलं. मी तिकडची मेंढरं बघतो."

त्यानं काठी उचलली, भाकरी तशीच ठेवली आणि चालू लागला. शंभर पावलांवर त्याच्यानं राहवलं नाही, त्यानं वळून बघितलं. रतनबाई अजून उभीच होती. तिनं बाभळीकडं बघितलं, बुंध्याभोवती बघितलं, मग त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. ह्या माणसाच्या मनात आहे तरी काय, हे तिला काही उमगत नव्हतं. शेवटी ती हळूच सावलीच्या कडेला टेकली, पण पाटी तिनं मांडीवरच धरून ठेवली होती.